जज गप्प का बसतात, आणि फाईल कोण लिहितं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की काकांवर कोयत्याने हल्ला झाला, दोन्ही आय विटनेस कोर्टात फुटले, जजसाहेब सगळं ऐकत बसले, आरोपी सुटला, आणि नंतर तुम्ही कुठेतरी वाचलं की फ्रान्समध्ये जज स्वतः तपास करतो, स्वतः प्रश्न विचारतो, मग आपण तीच पद्धत का घेत नाही. मी सव्वीस वर्षं सेशन कोर्टात उभा राहतोय, बहुतेक डिफेन्सकडून, मधली चार वर्षं सरकारी वकील म्हणूनही काढली, तेव्हा दोन्ही बाजूंची कुसळं मला माहिती आहेत. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी एक गैरसमज काढून टाकतो. इन्क्विझिटोरियल म्हटलं की आपल्या लोकांना गोव्याचं इन्क्विझिशन आठवतं, १५६० ते १८१२ वालं. शब्दाचं मूळ एकच, म्हणजे चौकशी, पण आजच्या फ्रान्स-जर्मनीच्या कोर्टाचा त्या छळाशी काही संबंध नाही. इन्क्विझिटोरियल म्हणजे खटल्याची सूत्रं जजच्या हातात, पुरावा त्याने शोधायचा. ॲडव्हर्सरियल म्हणजे दोन पक्ष आपापला पुरावा आणणार, एकमेकांचा फोडणार, आणि जज मधे बसून कोणाचं टिकलं ते सांगणार. आपल्याकडे इंग्रजांमुळे दुसरी आली.

त्याच्या आधी काय होतं? पेशवाईत वादी-प्रतिवादी दोघांकडून तकरीर, म्हणजे लेखी म्हणणं, घ्यायचे, जामीन घ्यायचे, पंचांचा निर्णय मान्य राहील असा राजीनामा आधीच लिहून घ्यायचे (हा राजीनामा नोकरी सोडायचा नव्हे, राजी असल्याचा कागद), साक्षी तपासायचे आणि जिंकणाऱ्याला जयपत्र द्यायचे. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर १७७३ मध्ये रामशास्त्र्यांनी स्वतः चौकशी केली आणि राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, ही गोष्ट आपण शाळेत ऐकतो, पण तो चक्क चौकशी करणारा जज होता हे कोणाच्या लक्षात येत नाही. (ध चा मा ही आख्यायिकाच, पण समजा खरी धरली तरी आजच्या कोर्टात तो कागद हँडरायटिंग एक्स्पर्टकडे जाईल, रिपोर्ट यायला वर्ष लागेल आणि मग मी त्या एक्स्पर्टची उलटतपासणी घेईन.) आणि साक्षी-कागदांवर निभलं नाही तर दिव्य. उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढायचा, हात भाजला नाही तर खरा.

युरोपातही हेच होतं. १२१५ साली चर्चने पाद्र्यांना दिव्यात भाग घ्यायला बंदी केली, आणि देव सांगत नाही तर मग खरं कोण सांगणार हा प्रश्न पडला. इंग्लंडने बारा शेजारी ज्युरी म्हणून बसवले. बाकी युरोपने शिकलेला जज बसवला आणि त्याच्यापुढे फाईल ठेवली. त्या जुन्या पद्धतीत कबुलीला इतकं महत्त्व होतं की कबुली मिळवायला छळ चालायचा, कायदेशीरपणे. पण इंग्लंडचं फार कौतुक करायचं कारण नाही, तिथे गंभीर गुन्ह्याच्या आरोपीला वकिलामार्फत ज्युरीसमोर पूर्ण बाजू मांडायचा हक्क १८३६ साली मिळाला. ज्युरी आपल्याकडेही होती, मुंबईत नानावटी खटल्यात १९५९ मध्ये आठ विरुद्ध एकने निर्दोष म्हणाली आणि हायकोर्टाने ते उलटवलं. ती पद्धत पुढे बंद झाली.

आता फ्रान्स. तिथे गंभीर गुन्हा झाला की एक तपास-जज नेमला जातो. तो पोलिसांना कामं सांगतो, साक्षीदारांना स्वतःच्या ऑफिसात बोलावून जबाब घेतो, साक्षीदार त्या जबाबावर सही करतो, एक्स्पर्ट नेमतो, आरोपीच्या विरोधातलं आणि बाजूचं दोन्ही गोळा करणं त्याच्यावर बंधनकारक आहे. यातून जी फाईल तयार होते तो खटल्याचा कणा. खटला चालवणारा जज वेगळा असतो, पण तो ही फाईल आधी वाचून येतो आणि पहिले प्रश्न तोच विचारतो, आरोपीलासुद्धा. वकील नंतर. आपल्याकडे मी ज्याला उलटतपास म्हणतो, म्हणजे साक्षीदाराला दोन दोन तास धरून ठेवणं, तसं तिकडे फारसं होत नाही.

म्हणून तिकडचे खटले झपाट्याने चालतात. आविन्यों शहरातला तो मोठा बलात्काराचा खटला तुम्ही पेपरात वाचला असेल, ५१ आरोपी, सप्टेंबर २०२४ ला सुरू झाला आणि १९ डिसेंबरला निकाल, ज्युरी नाही, पाच जज. आपल्याकडे ५१ आरोपी असतील तर सगळे एका तारखेला हजर राहणं हाच एक सोहळा. पण हेही बघा की प्रकरण उघडकीला आलं होतं २०२० मध्ये. म्हणजे वेळ तिकडेही जातोच, फक्त तो कोर्टरूमच्या बाहेर, फाईल तयार होण्यात जातो.

आणि हा तपास-जज सगळ्या केसमध्ये असतो असं समजू नका, बहुसंख्य केसेस तिकडेही पोलीस आणि सरकारी वकीलच हाताळतात. जर्मनीने तर १९७५ मध्ये ते पदच काढून टाकलं. इटलीने १९८९ मध्ये नवीन कोड आणून जवळजवळ आपल्या बाजूला उडी मारली. म्हणजे आपण ज्या घराकडे आशेने बघतोय तिथली माणसं सामान हलवतायत.

का हलवतायत याचं एक कारण म्हणजे उत्रो. उत्तर फ्रान्समधलं छोटं गाव, लहान मुलांच्या लैंगिक अत्याचाराचं प्रकरण, २००१ मध्ये तपास एका तरुण तपास-जजकडे गेला, नोकरीतली सुरुवातीची वर्षं. एका आरोपी बाईने आणि काही मुलांनी नावं घेतली, नावं वाढत गेली, गावातले साधे लोक आत गेले, काही जण वर्षानुवर्षं कच्च्या कैदेत, एक तर खटला उभा राहण्याआधी तुरुंगातच मेला. २००४ मध्ये १७ जणांवर खटला चालला, त्या बाईने कोर्टात सांगितलं की मी खोटं बोलले, सात सुटले, उरलेल्यांपैकी सहा जण २००५ च्या डिसेंबरमध्ये अपिलात सुटले. एकूण तेरा. नंतर संसदेच्या समितीने त्या जजला टीव्हीसमोर बसवून प्रश्न विचारले.

मला यात तो जज वाईट होता हे महत्त्वाचं वाटत नाही. मला हे दिसतं की एकाच माणसाने संशय घेतला, त्यानेच पुरावा गोळा केला आणि तो पुरावा पुरेसा आहे की नाही हेही त्यानेच ठरवलं. वरचे लोक होते, कैदेवर वेगळा जज होता, पण सगळे त्याचीच फाईल वाचत होते. आपण जमिनीचा सातबारा काढतो आणि त्यावर नाव चुकलं तर पुढची पन्नास वर्षं सगळे तोच उतारा जोडतात ना, तसं. फाईलला भोक पाडणारा माणूस लवकर आत आला नाही तर ती फाईल सिमेंटसारखी घट्ट होते.

आता आपल्याकडे या. तुम्ही म्हणता जज गप्प बसतो. कायद्याने त्याला गप्प बसायची अजिबात गरज नाही. जुन्या एव्हिडन्स ॲक्टचं कलम १६५, आता भारतीय साक्ष अधिनियमाचं १६८, जज कुठल्याही साक्षीदाराला कधीही, कुठलाही प्रश्न विचारू शकतो. सीआरपीसी म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं ३११, आता बीएनएसएस म्हणजे नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ३४८, कोणालाही स्वतःहून साक्षीला बोलावू शकतो. आणि ३१३ चा जबाब, आता ३५१, त्यात जज आरोपीला स्वतः प्रश्न विचारतो, शपथ न देता. हे तर थेट फ्रेंच चवीचं आहे, पण प्रत्यक्षात पन्नास प्रश्नांची टाईप केलेली यादी येते आणि आरोपी ‘खोटं आहे’, ‘माहीत नाही’ असं पन्नास वेळा म्हणतो. सुप्रीम कोर्टाने १९८१ मध्ये रामचंदर केसमध्ये सांगितलंय की जज म्हणजे रेकॉर्डिंग मशीन नाही, पण त्याने सरकारी वकीलही होऊ नये.

एक किस्सा सांगतो. लोडशेडिंगच्या दिवसांतली गोष्ट, २००७ च्या आसपास. मी डिफेन्सला. रात्री साडेआठला मारामारी, एक जण मेला, साक्षीदार समोरच्या ओट्यावर बसलेला, चाळीस फुटांवरून बघितलं म्हणतो. पंचनाम्यात लिहिलेलं, ‘घटनास्थळी एमएसईबीचा पोल असून त्यावर बल्ब आहे.’ सरकारी वकिलांनी सरतपासात, म्हणजे आपल्याच साक्षीदाराला प्रश्न घालताना, विचारलं पोल होता का, होता. बल्ब होता का, होता. बसले खाली. मला आठवड्याभरापासून शंका होती की त्या वेळी लाईट नसणार, पण मी विचारलं नाही. उत्तर माहीत नसलेला प्रश्न उलटतपासात विचारायचा नाही हे आमचे सीनियर पहिल्या दिवशी शिकवतात, कारण साक्षीदार म्हणाला असता ‘हातात बॅटरी होती साहेब’ तर माझा आरोपी गेला असता. मी माझा उलटतपास संपवला. साक्षीदार पिंजऱ्यातून खाली उतरणार तेवढ्यात जजसाहेबांनी चष्मा वर करून विचारलं, "बल्ब होता हो, पण लाईट होती का?"

साक्षीदार जरा थांबला, मग म्हणाला, "आठ ते दहा जायची साहेब तवा."

"मग दिसलं कसं?"

"आवाजावरनं वळखलं."

सरकारी वकील धडपडत उठले, या उत्तरावर विचारायला परवानगी मागितली (कोर्टाच्या प्रश्नाच्या उत्तरावर परवानगीशिवाय विचारता येत नाही), चांदणं होतं का वगैरे विचारून बघितलं. तो म्हणाला चंद्राकडं कुठं बघतोय साहेब. केस संपली. आम्ही दोन वकील, दोघांनाही नेमका तोच प्रश्न सुचला होता आणि दोघांनीही भीतीपोटी टाळला. ज्याला जिंकायचं-हरायचं नव्हतं त्यानेच विचारला. ॲडव्हर्सरियल पद्धतीची सगळ्यात मोठी गळती हीच, दोन्ही पक्षांना नको असलेलं सत्य कोर्टात येतच नाही. हे मी डिफेन्सचा माणूस असूनही कबूल करतो.

मग जज रोज असं का करत नाहीत? कारण त्यांच्यापुढे त्या दिवशी साठ-सत्तर केसेसचा बोर्ड असतो, आणि त्यांनी चार्जशीट धड वाचलेली नसते, वाचायची अपेक्षाही नसते. फ्रान्सचा जज प्रश्न विचारू शकतो कारण त्याने आठवडाभर फाईल वाचलेली असते. फाईल न वाचता प्रश्न विचारणारा जज म्हणजे पत्ता न विचारता रिक्षा पळवणारा. मी असेही पाहिलेत, उलटतपास स्वतःच घ्यायला लागतात, साक्षीदार घाबरून जज म्हणेल ते हो म्हणतो, आणि मग हायकोर्टातून केस परत येते.

आणि आता तुमच्या काकांच्या केसचा गाभा. आपली पद्धत पूर्ण ॲडव्हर्सरियल आहे असं पुस्तकात लिहितात, ते अर्धंच खरं. खटल्याआधीचा अर्धा भाग, म्हणजे तपास, पूर्ण एकतर्फी आहे. तपासी अंमलदार जबाब घेतो, स्वतः लिहितो, त्यावर साक्षीदाराची सही घ्यायचीच नाही असा कायदा आहे, जुनं १६१-१६२, आता बीएनएसएस १८०-१८१. आरोपीचा वकील तिथे नाही. मॅजिस्ट्रेट आहेत, पण रिमांडला पाच मिनिटं. म्हणजे फ्रान्ससारखी फाईल आपणही बनवतो, फक्त बनवणारा जज नसून हवालदार-फौजदार आहे. आणि मग ती फाईल कोर्टात आली की कायदा म्हणतो हा जबाब पुरावा नाही, साक्षीदार कोर्टात शपथेवर बोलेल तेच खरं. हा अविश्वास उगीच आलेला नाही, पोलीस काय लिहितात आणि कबुल्या कशा घेतात हे इंग्रजांनाही माहीत होतं, म्हणून पोलिसांसमोरची कबुली पुराव्यात चालत नाही.

पण परिणाम काय होतो तर दोन पद्धती एकमेकींना जिथे जोडल्यात तिथला सांधाच निखळतो. घटनेला चार-पाच वर्षं झालेली, साक्षीदार त्याच गावात राहतो, आरोपीचा भाऊ त्याच्याच सोसायटीचा चेअरमन, कोणीतरी येऊन ‘जाऊ दे ना आता’ म्हणून गेलेलं. तो येऊन म्हणतो मी काही पाहिलं नाही. सरकारी वकील म्हणतात फितूर घोषित करा, परवानगी मिळते, ते पोलीस जबाब वाचून दाखवतात, ‘हा मजकूर तुम्ही सांगितला होता का?’, ‘नाही, पोलिसांनी का लिहिला सांगता येत नाही’, पोर्शन मार्क ए (नाकारलेल्या मजकुरावर मारायची खूण). हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की साक्षीदाराच्या आधी मला ते म्हणता येतं. जजसाहेबांनी इथे कितीही प्रश्न विचारले असते तरी त्या सही नसलेल्या जबाबावर शिक्षा देता आलीच नसती. पंचांचंही तसंच, ‘सही माझी आहे, मजकूर वाचला नाही, चहाच्या टपरीवर सही घेतली.’

बेस्ट बेकरीचं उदाहरण घ्या, कारण त्याचा शेवट मुंबईत झाला. वडोदऱ्यात २००२ च्या दंगलीत १४ जण मारले गेले, जून २००३ मध्ये तिथल्या फास्ट ट्रॅक कोर्टाने सगळे २१ आरोपी सोडले, साक्षीदार फुटले होते. सुप्रीम कोर्टाने २००४ मध्ये कडक शब्दांत सांगितलं की कोर्टाने बघ्याची भूमिका घ्यायची नसते, आणि फेरखटला महाराष्ट्रात पाठवला. मुंबईत २००६ मध्ये नऊ जणांना जन्मठेप झाली, २०१२ मध्ये हायकोर्टाने त्यातले पाच सोडले, चौघांची कायम केली. आणि जी मुख्य साक्षीदार होती, तिलाच जबाब बदलल्याबद्दल कोर्टाच्या अवमानासाठी एक वर्षाची कैद. साक्षीदाराला कोणी सांभाळलं नाही आणि शेवटी शिक्षा तिलाही झाली, हे मला आजही टोचतं.

आणि याच्या उलट बाजू. नाशिक जिल्ह्यातलं २००३ चं दरोडा-खुनाचं प्रकरण. सहा गरीब माणसं, भटक्या समाजातली, २००९ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत सहाही जणांना फाशी. मग पुन्हा सुनावणी झाली आणि २०१९ मध्ये तेच सुप्रीम कोर्ट म्हणालं की सहाही निर्दोष. कारण काय, तर जखमी साक्षीदार बाईंनी घटनेनंतर लगेच पोलिसांच्या फोटो अल्बममधून भलत्याच चार जणांना ओळखलं होतं, आणि त्या चौघांचा तपासच झाला नाही. सोळा वर्षं आत, नुकसानभरपाई प्रत्येकी पाच लाख. ही फाईलमधलीच गोष्ट होती. तगडा वकील असता तर पहिल्याच कोर्टात त्याने ती हातात धरून नाचवली असती. दोन पक्ष लढतील आणि सत्य बाहेर येईल हे ठीक, पण एक पक्ष म्हणजे राज्य आणि दुसरा म्हणजे ज्याला आपला वकील कोण तेही माहीत नाही, तर लढत कसली.

२००३ मध्येच फौजदारी न्यायपद्धती सुधारायला नेमलेल्या मळिमठ समितीचा अहवाल आला, त्यांनी नेमकं तुमचंच म्हणणं मांडलं, की कोर्टाने सत्यशोधनाचं कर्तव्य घ्यावं, युरोपकडून काही गोष्टी उचलाव्यात. इथपर्यंत मला पटतं. पण त्याच अहवालात एसपी दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरची कबुली पुराव्यात घ्या आणि शिक्षेसाठी लागणारा पुराव्याचा दर्जा खाली आणा असंही होतं. म्हणजे युरोपातून अधिकार आणायचे आणि त्याच्यावरचा लगाम तिकडेच ठेवायचा. बरं झालं ते झालं नाही.

मला विचाराल तर तपास-जज आणू नका, माणसंच नाहीत तेवढी, जिल्हा कोर्टातली रिकामी पदं आधी भरा. उचलायचंच असेल तर जर्मनीचा एक नियम उचला, सरकारी वकिलाने आरोपीच्या बाजूचा पुरावाही शोधायचा, आणि तो तपासाच्या वेळीच. आपल्याकडे एपीपीला, म्हणजे कोर्टात केस चालवणाऱ्या सरकारी वकिलाला, फाईल मिळते चार्जशीट झाल्यावर, कधी कधी साक्षीदार उभा असताना. दुसरं, महत्त्वाच्या साक्षीदाराचा जबाब मॅजिस्ट्रेटसमोर लवकर, शपथेवर, व्हिडिओसकट, आणि आरोपीच्या वकिलाला तिथेच प्रश्न विचारायची संधी द्या. माझ्या डिफेन्समधल्या मित्रांना हे आवडणार नाही, कारण पाच वर्षांनी फुटणारा साक्षीदार हा आमच्या धंद्यातला मोठा आधार आहे, हे उघड गुपित.

आणि जजने सूत्रं हातात घेतली की इथे चालणारच नाही असंही नाही. गोव्यात पोर्तुगीज कायद्यातून आलेली इन्व्हेंटरी प्रोसीडिंग आजही चालते, वारसांमधली वाटणी. घरातला कर्ता, ज्याला तिकडे काबेसा द काझाल म्हणतात, तो शपथेवर वारसांची आणि मालमत्तेची यादी देतो, कोर्ट मूल्यांकन करून घेतं, वारसांमध्येच बोली लागते, वाटणीचा तक्ता होतो. आमच्याकडच्या वाटणीच्या दाव्यात तीन पिढ्या जातात ते बघता माझ्या पणजीतल्या वकील मित्राचा मला हेवा वाटतो, जरी तो म्हणतो की तिकडेही भावकी ती भावकीच. पण तिथे प्रश्न घराचा आणि नारळाच्या बागेचा असतो, कोणाच्या गळ्याचा नसतो.

आता काकांचं. निकालाची सर्टिफाईड कॉपी आजच मागा. जखमी व्यक्ती म्हणून काकांना स्वतः अपील करता येतं, जुन्या ३७२ चं परंतुक, आता बीएनएसएस ४१३, सरकारने अपील करायची वाट बघत बसू नका आणि उशीर करू नका. त्या दोन साक्षीदारांपैकी कोणाचा मॅजिस्ट्रेटसमोर १६४ चा जबाब झाला होता का ते फाईलमधून बघा. तोही एकट्याने पुरावा ठरत नाही, पण त्यावर सही असते, ‘पोलिसांनी का लिहिलं माहीत नाही’ हे तिथे म्हणता येत नाही. आणि काकांची स्वतःची साक्ष नीट वाचा, जखमी माणसाच्या साक्षीला वजन असतं, सेशन कोर्टाने ती का नाकारली ते निकालाच्या नेमक्या कुठल्या परिच्छेदात आहे ते शोधा. निम्म्या वेळा ते एका ओळीत उरकलेलं असतं, आणि अपील त्या ओळीवरच उभं राहतं.